प, ब, म

पाणीपट्टीच्या तीन नंबर खिडकीत मी बसते.
काचेला मध्ये एक भोक आहे, लोक त्याच्याशी बोलतात,
माझ्याशी नाही.
तोंड भोकाशी वाकवतात, ओठ खाली जातात,
मला दिसतो भांग, नाहीतर टक्कल.
दोनदा "काय?" विचारलं की पुढचं ठरलेलं:
"बहिरी आहेस का?"
मी म्हणते, "हो."
माणूस भडकतो. त्याला वाटतं, उलट उत्तर दिलं.
एका बाईंनी मात्र निरखून पाहिलं,
"दिसत तर नाही तसं."
कसं दिसायला हवं, ते मी विचारलं नाही.
मागे रांग होती.

फिलोमिना दिसते.
ती जिना उतरू लागली की तिच्या कॅलिपरचा आवाज
अख्ख्या वॉर्ड ऑफिसला ऐकू येतो,
मला फरशीतून कळतो, खुर्चीच्या पायातून.
हेडक्लार्क आहे, तेवीस वर्षं नोकरी,
तरी मरोळ नाक्याला बसची वाट बघताना
कुणीतरी तिच्या डब्याच्या पिशवीत
दहाचं नाणं टाकून गेलं.
तिने ते ठेवलंय, ड्रॉवरमध्ये, टाचण्यांच्या डबीत.

"तुझा बरा हाय गो," एकदा म्हणाली,
"केस सोडलेस का मशीन झाकला."
मी दोन दिवस बोलले नाही.
नळ वाहता राहतो, मला कळत नाही,
पाणीपट्टीवाली म्हणून घरचे वर हसतात.
शेजारचे सामंत सांगत फिरतात, फार शिष्ट,
हाक मारली तर वळत नाही.
पण ते नाणं आठवलं
आणि तिसऱ्या दिवशी तिच्या डब्यात मी माझी अर्धी पोळी ठेवली.

जेवताना ती समोर बसते, उजेडाकडे तोंड करून,
मी कधी सांगितलं नव्हतं.
तरी ओठांना सगळं बोलता येत नाही.
प, ब, म, तिघांनाही ते मिटतात
आणि सारखेच उघडतात.
पोट की बोट.
पान, भान, मान.
उरलेलं मी अंदाजावर भागवते,
महिनाअखेर भागवतात तसं.

तिची आई अंथरुणाला खिळलेली.
सांभाळायला बाय ठेवायची, ती महिन्यात सोडून जायची,
मग दुसरीचा शोध.
जूनपासून तीनदा मी तिच्या ओठांवर वाचलं होतं:
बाय गेली.

त्या मंगळवारी जिन्याच्या तोंडाशी,
लोक चढत होते, उतरत होते,
कठडा धरून ती तेच म्हणाली.
"जाऊ दे," मी म्हटलं, "दुसरी मिळेल."
तिने माझ्याकडे पाहिलं.
मग उतरत गेली, एकेक पायरी,
कठड्यावरच्या माझ्या हाताला
ती शेवटच्या पायरीपर्यंत कळत होती.

अकरा दिवस आली नाही.
रजेच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे वाचलं:
मातृशोक.

गावठाणात घर सापडायला वेळ लागला.
ती ओट्यावर बसली होती.
कॅलिपर भिंतीला टेकवलेला, बूट अजून त्यातच.
मी वाक्य पाठ करून नेलं होतं.
माझा आवाज केवढा होतो, मला समजत नाही,
आतून तिची भाची धावत आली,
म्हणजे मोठा झाला असावा.

फिलोमिना काही म्हणाली नाही.
माझी दोन बोटं घेऊन
तिने आपल्या नाकाच्या हाडावर ठेवली.
"बाय," म्हणाली.
काही नाही.
मग ओठ पुन्हा मिटले, तसेच, अगदी तसेच,
आणि बोटांखाली काहीतरी थरथरू लागलं,
थरथरत राहिलं.
शब्द तिने पुढे नेलाच नाही.